मागच्या थांब्यावरची डबल

ज्या गाडीला ड्रायव्हरच नव्हता, त्या गाडीत शेडगेमामा घंटी बांधत होते. घंटी पितळेची, एसटीत असते तशी. तिची दोरी त्यांनी छताच्या कड्यांतून ओवून पार मागच्या बाकापर्यंत आणली होती आणि टोकाला गाठ मारत होते.

"मामा, ही ऐकणार कोण?" मी विचारलं.

"मी ऐकतो की."

"पण गाडी ऐकणार नाही ना."

"तिला ऐकू येत न्हाई, त्यो तिचा दोष." त्यांनी गाठ दातानं आवळली. "डबल दिल्याबिगर गाडी हललेली मला बगवत न्हाई, मॅडम. एकतीस वर्सं एसटीत काढली. हात आपोआप वर जातो."

मी हसले. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

सात वर्षं झाली याला. साताऱ्याजवळ एका ट्रस्टचं मोठं रुग्णालय आहे. आवार इतकं ऐसपैस की फाटकापासून डायलिसिसच्या इमारतीपर्यंत चालत जाताना धडधाकट माणसालाही धाप लागावी. पेशंटसाठी तिथे आठ माणसांची एक बॅटरीवरची उघडी गाडी होती. ती हणमंत चालवायचा, आणि पेशंटला हात देऊन चढवायला-उतरवायला एसटीतून निवृत्त झालेले शेडगेमामा. माझा कॉलेजातला सीनियर हृषीकेश इनामदार यानं पुण्यात कंपनी काढून बिनड्रायव्हरची गाडी बनवली होती आणि पंधरा दिवसांच्या चाचणीसाठी ती इथे आणली होती. हणमंतची गाडी तोवर आंब्याखाली उभी, आणि हणमंत तिच्यात बसून पेपर वाचायचा.

मी आले होते कुलपं तपासायला. बाहेरच्या कुणाला इंटरनेटवरून या गाडीत घुसता येईल का, पासवर्ड फोडता येतील का, नोंदी बदलता येतील का, हे बघून शुक्रवारी ट्रस्टींसमोर अहवाल द्यायचा आणि खाली सही करायची. माझी एकटीची सही असलेलं ते पहिलंच काम होतं. शनिवारी आले तेव्हापासून मी त्या सहीचं वळण वहीच्या मागच्या पानावर गिरवून बघत होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

हृषीची रचना खरंच देखणी होती. प्रत्येक थांब्यावरच्या सिस्टरकडे एक टॅबलेट. पडद्यावर दोनच बटणं, हिरवं 'निघा' आणि लाल 'थांबा'. पेशंट बसले की सिस्टरनं हिरवं दाबायचं, गाडी पुढच्या थांब्यापर्यंत जाऊन आपोआप थांबणार. वाटेत कुणी आडवं आलं तर ती स्वतःच थांबायची, कुत्र्यालाही वाट द्यायची.

"चांगलं सॉफ्टवेअर माणसाला विचार करायला लावत नाही," हृषी म्हणायचा.

"आणि चांगली सुरक्षा माणसावर विश्वास ठेवत नाही," मी म्हणायचे. "विश्वास ठेवायचा तो नोंदीवर."

आम्ही दोघं कँटीनमध्ये बसून अशी वाक्यं एकमेकांना ऐकवायचो आणि दोघांनाही दोघांची आवडायची.

तीन दिवस मी त्या गाडीच्या मागे हात धुऊन लागले. गाडी काही दाद देईना. पासवर्ड पक्के, नोंदी पक्क्या. सोमवारी दुपारी मी हृषीला तीन सुधारणा सुचवल्या. टॅबलेटचे पासवर्ड बदलायचे, दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडद्याला आपोआप कुलूप लागायचं, आणि तिसरी एक किरकोळ. त्यानं तिन्ही संध्याकाळपर्यंत करून टाकल्या.

मंगळवारी सव्वाअकराच्या सुमाराला गाडी एक्स-रेकडून डायलिसिसच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. मामा डावीकडून एका आजोबांना उतरवून घेत होते. उजवीकडून डायलिसिस आटोपलेल्या एक पेशंट, चंद्राक्का, परतीसाठी चढत होत्या. त्यांचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, आणि गाडी निघाली. मामांनी धावत जाऊन गाडीच्या आत असलेलं 'थांबा'चं लाल बटण दाबेपर्यंत ती दहा-बारा फूट गेली असेल. चंद्राक्कांचं मनगट मोडलं. त्या ओरडल्या नाहीत. मोडका हात पदरात धरून मामांना म्हणाल्या, "अरं, मी चढले न्हवते की अजून."

बुधवारी सकाळी मेट्रनबाईंच्या खोलीत हृषीनं लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. समोर एक्स-रेच्या टेबलावरची सुवार्ता सिस्टर उभी होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. कंत्राटावर होती.

"ही नोंद बघा," हृषी म्हणाला. "अकरा चौदा. निघा. एक्स-रेचा टॅबलेट. सुवार्ता साळवे. गाडी तेव्हा डायलिसिसला उभी होती. तिथल्या सिस्टरनं हात लावलेला नाही. तुम्ही लावलाय."

"अकरा चौदाला मी आत होते," सुवार्ता म्हणाली. "गाडी माझ्याकडून निघाली आणि मी पेशंटला टेबलावर झोपवायला आत गेले. टेक्निशियनला विचारा."

"म्हणजे टॅबलेट उघडा टाकून गेलात. मग कुणीही दाबलं असेल."

"कुणी नव्हतं तिथे. मी दाबलं ते गाडी माझ्यासमोर उभी होती तेव्हा. दोनदा दाबलं, कारण पहिल्यांदा ते नुसतं गोलगोल फिरत बसलं. आमच्याकडे नेट असंच जातं, भिंती जाड आहेत म्हणून."

मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही बाहेरच्या आहात. ही नोंद खोटी असू शकते का?"

"नोंद कुणीही बदललेली नाही," मी म्हणाले. "मी स्वतः तपासलंय."

हे खरंच होतं. सुवार्तानं माझ्याकडे एकदा बघितलं. ती रागावलेली नव्हती. हातातलं पेन ती नुसतं उघडत होती आणि बंद करत होती. मेट्रनबाई म्हणाल्या, "शुक्रवारी मॅडमचा अहवाल येईल. त्यात असंच असेल तर सिस्टर, माझा नाइलाज आहे."

खोलीबाहेर आल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. माझं कुलूप शाबूत होतं. पण मला ते पेन दिसत राहिलं. थापा मारणारी माणसं मी थोडीफार बघितली होती; ती तपशील बदलत राहतात. हिनं दोनदा विचारल्यावर दोनदा तेच सांगितलं होतं. माझी नोंदही खोटं बोलत नव्हती. मग दोघी खऱ्या कशा? हा प्रश्न पायात गेलेल्या काट्यासारखा दिवसभर सलत राहिला.

गुरुवारी सकाळी मी एक्स-रेच्या थांब्यावर उभ्या गाडीकडे गेले. पेशंटसाठी ती बंद होती, पण तपासणीला फिरवायची परवानगी होती. मामा मागच्या बाकावर दोरी धरून बसलेले.

"मामा, ती गाडी निघाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचं काय? कुणीतरी डबल दिली, आन् देणाऱ्याला पायरी दिसत न्हवती." त्यांनी दोरी सैल केली. "तुमाला एसटीतली डबल ठाव हाय का?"

"एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल."

"ते समद्यास्नी ठाव असतंय. खरं कायदं येगळं हायत. सिंगल कुणी बी द्यावी. म्हातारीनं द्यावी, पोरानं द्यावी, दारुड्यानं द्यावी. डायवरनं इचारायचं न्हाई, थांबायचं. पर डबल फकस्त कंडक्टरची. गर्दीत पॅसेंजर बी दोरी वढून दोन टोलं देत्यात, घाई असती त्येंना. आमचा पतंगे डायवर ढिम्म हलायचा न्हाई. म्हनायचा, ही शेडगेची डबल न्हवं."

"कसं ओळखायचे?"

"माजा हात वळखायचा त्यो. पयला टोला, मग मी पायरीकडं बगनार, मग दुसरा. मधी येवढी जागा." त्यांनी दोन बोटांत ती जागा दाखवली. "पॅसेंजर मधी थांबत न्हाई. त्याला पायरीशी काय देनंघेनं?"

मी वही काढली. मामांचं बोलणं मी पहिल्यांदाच लिहून घेत होते. मग माझ्या डोक्यात आलं की बुधवारी सुवार्ताचं बोलणं मी लिहून घेतलंच नव्हतं.

मी तडक एक्स-रेच्या टेबलापाशी गेले.

"सिस्टर, मंगळवारी दाबलं होतं तसंच दाबाल का? अगदी तसंच."

"पुन्हा माझ्या नावावर नोंद होईल," ती म्हणाली.

"होईल. गाडीत मी असेन."

तिनं टॅबलेट पुढे ओढला. मी जाऊन गाडीत बसले. खिडकीतून तिनं बोट टेकवलेलं दिसलं, मग ती थांबली, मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं, पुन्हा बोट टेकवलं. दहा-पंधरा सेकंदांनी गाडी निघाली. सुवार्तानं टॅबलेट उलटा करून ठेवला आणि दोन्ही हात वर करून खिडकीत उभी राहिली, मला दिसावेत म्हणून.

गाडी डायलिसिसला येऊन थांबली. मी एक पाय खाली टाकला आणि गाडी निघाली.

मी नडगीवर आपटले. मामांनी लाल बटण दाबलं, खाली उतरून मला उठवलं, नडगी बघितली. रक्त येत होतं, पण मोडलं काही नव्हतं.

"ही एक्स-रेची डबल," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजी हितं कुनी दिलीच न्हाई. ती सिस्टर तर हात वर करून हुबी हाय. तिनं दोनदा दाबलं, गाडीनं एकदाच घेतलं. मंग दुसरं गेलं कुटं? ते मागनं आलं." ते वाकून गाडीखाली बघू लागले, जणू तिथे काही दडलेलं सापडेल. "आवो मॅडम, मागच्या थांब्यावरची डबल पुडं चालत न्हाई. घंटी वाजली, ऐकली तर ऐकली, न्हाईतर गेली. ती दोरीत साठून ऱ्हात न्हाई. ह्या गाडीत कुनी साठवून ठेवली?"

कुणी साठवली ते मला त्याच क्षणी कळलं. मी तशीच लंगडत निघाले.

हृषी गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात होता. मी सगळं सांगितलं. त्याला दोन वाक्यांत समजलं. माणूस हुशारच होता.

"नेट नव्हतं तेव्हाचा दुसरा निरोप रांगेत राहिला," तो म्हणाला. "चालत्या गाडीनं तो घेतला नाही, थांबल्यावर पोचला. आणि आपल्या नोंदीत दाबल्याची वेळ नाही, पोचल्याची आहे. बापरे." तो उठून फेऱ्या मारायला लागला. "दहा मिनिटांचं काम आहे. आत्ता दुरुस्त करतो. अहवालात घालू नकोस."

"आणि सुवार्ता?"

"तिनं दोनदा दाबलं, हे खोटं आहे का?"

"हृषी."

"माझ्याकडे अकरा मुलं काम करतात, शाल्मली. ही गाडी उद्या नापास झाली तर मी त्यांना काय सांगू?" मग तो थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आणि निरोप रांगेत ठेवायला मला कुणी सांगितलं होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. तीच तिसरी, किरकोळ सुधारणा. सोमवारी मी त्याला म्हटलं होतं की एखाद्यानं नेट मुद्दाम पाडलं तर 'थांबा'चा निरोप वाटेतच मरेल, तेव्हा एकही निरोप हरवता कामा नये; पोचेपर्यंत जपून ठेव आणि पोचव. 'थांबा'साठी ते बरोबर होतं. 'निघा'चा मी विचारच केला नव्हता. माझ्या लेखी दोन्ही निरोपच होते. सोमवारी संध्याकाळी ती सुधारणा बसली आणि मंगळवारी चंद्राक्कांचं मनगट मोडलं.

"तुझ्या पहिल्याच अहवालात हे लिहिणार आहेस?" हृषीनं विचारलं. तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच माझी काळजी वाटत होती, आणि त्यामुळे ते आणखी कठीण झालं.

मी खोलीत जाऊन अहवाल उघडला. 'नोंदीत कोणताही फेरफार आढळला नाही' हे वाक्य आधीपासून तयार होतं. तेवढंच ठेवलं असतं तर त्यात अक्षरही खोटं नव्हतं. त्या वाक्याकडे मी बराच वेळ बघत बसले. ते माझं सगळ्यात चोख वाक्य होतं आणि त्यानं एका बाईची नोकरी जाणार होती.

शुक्रवारी ट्रस्टींच्या खोलीत पाच जण, मेट्रनबाई, हृषी, आणि दाराशी सुवार्ता. मी पासवर्डांबद्दल बोलले, कुलपांबद्दल बोलले. माना डोलल्या. मग मी म्हणाले, "नोंद खरी आहे आणि सुवार्ता सिस्टरही खऱ्या आहेत. त्यांनी गाडी समोर उभी असताना दाबलं. तो निरोप दोन मिनिटं साठून राहिला आणि पुढच्या थांब्यावर पोचला. निरोप साठवायचा सल्ला सोमवारी मी दिला होता. चंद्राक्कांना त्या सल्ल्यामुळे लागलं."

एका ट्रस्टींनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता हृषी म्हणेल की हो, हिनंच सांगितलं होतं.

"सल्ला तिचा," हृषी म्हणाला, "पण तो मी तपासल्याशिवाय गाडीत घातला. गाडी माझी आहे. चाचणी थांबवा. नीट करून पुन्हा आणेन."

अध्यक्षांनी मला विचारलं, "नीट म्हणजे कशी?"

"'थांबा' कुणाचंही, केव्हाही ऐकायचं," मी म्हणाले. "'निघा' फक्त पायरी दिसणाऱ्याचं, आणि तेवढ्यापुरतंच. वेळेत पोचलं नाही तर ते मेलं पाहिजे. हे माझं डोकं नाही. शेडगेमामांचं आहे."

गाडी त्या दिवशी परत गेली. आठ महिन्यांनी हृषीनं ती पुन्हा आणली, 'निघा'चं बटण पायरीशेजारी बसवून, पण तोवर त्याच्या अकरातले पाच जण दुसरीकडे गेले होते. मलाही वर्षभर कुणी एकटीच्या सहीचं काम दिलं नाही.

बाहेर पोर्चमध्ये सुवार्ता भेटली. मी माफी मागितली.

"बुधवारीच सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "दोनदा दाबलं, नेट गेलं होतं. सगळं सांगितलं होतं. तुमच्यापुढे वही होती." आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून ती निघून गेली. तिनं मला माफ केलं की नाही हे मला आजही माहीत नाही.

आंब्याखाली हणमंतनं जुनी गाडी पुसून काढली होती. मामांनी घंटी आणि दोरी तिकडे हलवलीसुद्धा होती. मला फाटकापर्यंत जायचं होतं, पुण्याची बस होती. मी मागे मामांच्या शेजारी बसले. चार-पाच पेशंट चढले. शेवटी एक आजोबा काठी टेकत आले, मामांनी त्यांना हात दिला, ते बसले, काठी पायांत नीट ठेवली.

मामांनी दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "घ्या मॅडम. द्या डबल."

मी आधी पायरीकडे बघितलं. रिकामी होती. दुसऱ्या बाजूलाही वाकून बघितलं. मग दोरी ओढली, पहिला टोला दिला, मामांनी दाखवली होती तेवढी जागा सोडली, दुसरा टोला दिला. दोन्ही छान वाजले.

गाडी हलली नाही.

हणमंत स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. मागे न वळताच म्हणाला, "मामा, ही तुमची न्हवं."

मामांनी माझ्या हातातून दोरी घेतली, एक टोला दिला, पायरीकडे बघितलं, आणि दुसरा दिला. गाडी निघाली.